वाचनालयाच्या जुन्या इमारतीचे साल कोणते धरावे?

कार्यवाह

नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात मी गेली काही वर्षे काम करतो. वाचनालयाच्या इमारतीचा इतिहास सांगणारी एक छोटी स्मरणिका काढण्याचे मंडळाने ठरवले आणि लेखनाची जबाबदारी माझ्याकडे आली. दोन आठवड्यांत मजकूर तयार होईल असे तेव्हा वाटले होते. आज चार महिने झाले तरी पहिल्या पानावर इमारतीचे साल कोणते छापावे, याच प्रश्नाशी मी अडून बसलो आहे.

अडचण अशी आहे. दर्शनी दालनाच्या जोत्यात एक कोनशिला बसवलेली असून तिच्यावर शालिवाहन शकाचे वर्ष आहे. दरवाजावरील फलकावर इसवी सन आहे, आणि शकाचा हिशेब करूनही तो कोनशिलेपेक्षा अकरा वर्षांनी अलीकडचा ठरतो. धर्मादाय कार्यालयातील नोंदीत तिसरेच साल आहे. मिळकत पत्रिकेवर सर्वांत जुना धारक म्हणून संस्थेचे नव्हे, तर गावातील एका व्यापारी घराण्यातील व्यक्तीचे नाव आहे, त्यामुळे जागा दान मिळाली, विकत घेतली की मुळात भाड्याचीच होती, हेही कळत नाही. त्यात गावातील वयोवृद्ध मंडळी ठामपणे सांगतात की मागची खोली मूळची धर्मशाळा होती. संस्थेच्या पत्रशीर्षावर मात्र या सर्वांहून जुने, १८६० ते १८७० च्या दरम्यानचे एक साल छापले जाते, आणि बहुतेक सभासद तेच इमारतीचेही साल समजतात.

नेमकी वर्षे मी येथे मुद्दाम देत नाही. खात्री होण्याआधीच ती एकदा कुठे लिहिली गेली की पुढे दहा ठिकाणी उतरवली जातात आणि मग दुरुस्त करता येत नाहीत, हा अनुभव आम्ही एकदा घेतला आहे. गाव पूर्वीच्या मुंबई इलाख्यातील आहे आणि कोनशिला एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरची आहे, एवढे सांगतो. अशा वेळी कोणता पुरावा कशासाठी ग्राह्य धरावा आणि कोणती कागदपत्रे कोठे पाहावीत, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी_कात्रणे

आपण एकाच प्रश्नाची पाच उत्तरे समोर ठेवली आहेत असे आपल्याला वाटते, पण ती बहुधा पाच वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. संस्था कधी निघाली, जागा कधी मिळाली, पाया कधी घातला, वास्तू कधी उघडली आणि नोंदणी कधी झाली, या पाचही गोष्टी एकाच वर्षी घडल्या असे वाचनालय मला तरी अजून आढळलेले नाही.

मोठ्या शहरांतील सुस्थितीतल्या संस्थांचीही हीच गोष्ट आहे. मुंबईची एशियाटिक सोसायटी १८०४ साली स्थापन झाली, पण ती ज्या टाउन हॉलमुळे ओळखली जाते तो १८३३ साली पूर्ण झाला. काळा घोडा येथील डेव्हिड ससून ग्रंथालयाची मूळ संस्था १८४७ ची आणि इमारत १८७० ची. मुंबईत, सरकार आणि धनिक पाठीशी असताना, जर वीस-तीस वर्षे लागत असतील, तर तालुक्याच्या गावात वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयाने स्थापनेनंतर तीस वर्षांनी स्वतःची भिंत उभी केली, यात काहीच नवल नाही. मधल्या काळात ही वाचनालये शाळेच्या खोलीत, कचेरीच्या ओसरीवर, एखाद्या वकिलाच्या माडीवर किंवा देवळाच्या ओवरीत चालत असत.

पत्रशीर्षावरील साल संशयास्पद मानण्याचे कारण नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय आपली स्थापना १८२८ ची सांगते, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आहे. आपल्या वाचनालयाचे साल या मालिकेत सहज बसते. फक्त त्या वेळचे नाव आजचे नसेल. त्या काळी अशा संस्थांना सर्रास ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणत, म्हणून जुन्या कागदांत ‘सार्वजनिक वाचनालय’ असे शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

पहिला कागद म्हणून आपल्या जिल्ह्याचा मुंबई इलाख्याचा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, पाहावा. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० चा आहे, नाशिकचा १८८३ चा, पुणे आणि साताऱ्याचे १८८५ चे, कोल्हापूरचा १८८६ चा. शिक्षणाच्या प्रकरणाच्या शेवटी जिल्ह्यातील वाचनालये आणि वृत्तपत्रे यांवर थोडा मजकूर असतो, आणि गावांच्या वर्णनात आपल्या गावाखाली एखादी ओळ सापडू शकते. वाचनालयाचा उल्लेख आहे, पण इमारतीचा नाही, असे दिसले तर त्याचाही उपयोग होतो, कारण आपली कोनशिला त्यानंतरची आहे आणि दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात.

मोडीवाचक

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी फक्त कोनशिलेविषयी लिहितो, कारण तिथे माणसे हमखास घसरतात.

शकाचे इसवी सन करताना ७८ मिळवतात, पण हे वर्षभर चालत नाही. शक चैत्रात बदलतो, म्हणून पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. शके १८१९ मधील चैत्र १८९७ च्या वसंतात येतो, पण त्याच शके १८१९ मधील माघ १८९८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पडतो. आपल्या अकरा वर्षांच्या फरकाचा उलगडा यातून होणार नाही, तरी छापताना एक वर्ष इकडचे तिकडे होऊ नये. देणगीदार व्यापारी घराण्यातील असेल तर आकड्याच्या आधीचा शब्दही नीट वाचावा. गुजराती आणि मारवाडी मंडळी विक्रम संवत लिहीत, आणि संवत व शक यांच्यात १३५ वर्षांचे अंतर आहे. महसुली कागदांत फसली सन आढळला तर त्यात साधारण ५९० मिळवावे लागतात.

याहून महत्त्वाचे आहे ते कोनशिलेवरील क्रियापद. ‘पाया घातला’, ‘बांधविली’, ‘अर्पण केली’, ‘उघडिली’ ही चार वेगळी कामे आहेत आणि त्यांची वर्षे वेगळी असू शकतात. आपण वर्षाचा उल्लेख केलात, वाक्याचा केला नाहीत. शिलेवर चुन्याचे किंवा तैलरंगाचे थर असतील तर शेवटची ओळ बुजलेली असण्याचा दाट संभव आहे. तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने ती घासू नये, अक्षरे कायमची जातात. ओल्या फडक्याने आणि लाकडी काडीने धीराने काम करावे, किंवा रात्री बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून छायाचित्र घ्यावे. तिरप्या उजेडात रंगाखालची अक्षरेही पुष्कळदा वाचता येतात.

संस्थेची जुनी इतिवृत्ते आहेत का? असल्यास ती कोणत्या लिपीत आहेत? आमच्या भागातील एका वाचनालयाने ‘जुने इतिवृत्त उपलब्ध नाही’ असे वर्षानुवर्षे अहवालात छापले होते. वही कपाटातच होती, मोडीत असल्यामुळे ती कोणी उघडली नव्हती.

चुनाघाणी

मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीची कामे करतो. कागद महत्त्वाचे आहेतच, पण भिंतीही साक्ष देतात आणि त्यांना कोणाच्या वर्धापनदिनाशी देणेघेणे नसते.

धर्मशाळेची आठवण मी आपल्या जागी असतो तर थट्टेवारी नेली नसती. मागची खोली आणि दर्शनी दालन जिथे मिळतात तो कोपरा पाहावा. दोन्ही भिंती एकाच वेळी बांधल्या असतील तर त्यांचे थर एकमेकांत गुंतलेले असतात. एक भिंत आधीची असून दुसरी तिला नंतर चिकटवली असेल तर जोत्यापासून वरपर्यंत सरळ उभा सांधा दिसतो, आणि कितीही वेळा गिलावा केला तरी त्या रेषेत पुन्हा पुन्हा तडा जातो. तो तडा म्हणजे इमारत कमकुवत झाल्याची खूण असेलच असे नाही, पुष्कळदा ती दोन काळांमधली सीमारेषा असते. मागच्या खोलीच्या भिंती दोन-अडीच हात जाड, त्यांत कोनाडे, विटा पातळ आणि चपट्या, आणि पुढच्या दालनात विटा जाड, इंग्रजी मापाच्या, खिडक्या उंच असतील, तर मागचा भाग आधीचा आहे हे जवळजवळ निश्चित समजावे.

एका गोष्टीबद्दल सावध करतो, कारण मी स्वतः सुरुवातीला फसलो होतो. छपराची मंगलोरी कौले उलटी करून पाहिलीत तर काहींवर १८६५ हे साल उठवलेले दिसेल. तो कौलाचा जन्मसन नव्हे. बाझेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचा मंगळूर येथील कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला आणि ते साल पुढे अनेक वर्षे त्यांच्या कौलांवर येत राहिले. आपल्या पत्रशीर्षावरील साल त्याच दशकातले आहे म्हणून हे अधिकच जपून सांगतो. कोणीतरी उत्साहाने ‘छप्परही तेव्हाचेच’ असे स्मरणिकेत लिहून टाकील. शिवाय कौले एका इमारतीवरून उतरवून दुसरीवर चढवली जातात. लोखंडी तुळयांवरही कारखान्याचे नाव असते, त्यावरून माल कोठला ते कळते, वर्ष कळत नाही.

सिमेंट मात्र कामास येते. भारतात पोर्टलंड सिमेंटचे नियमित उत्पादन १९१४ च्या सुमारास पोरबंदर येथे सुरू झाले आणि लहान गावांपर्यंत ते पोहोचायला आणखी बराच काळ गेला. मूळ बांधणीच्या दर्जा, म्हणजे विटांमधील सांधे, चुन्याच्या आहेत की सिमेंटच्या, एवढे पाहिले तरी कोणता भाग नंतरचा ते चटकन वेगळे काढता येते. आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, स्मरणिकेच्या निमित्ताने रंगरंगोटी करणार असाल तर चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. भिंतीतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि ती आतल्या बाजूने, म्हणजे ग्रंथांच्या कपाटामागे, बाहेर पडते.

उतारा_नक्कल

मी भूमापन खात्यातून निवृत्त झालो आहे. मिळकत पत्रिकेवर व्यापाऱ्याचे नाव पाहून आपण गोंधळलात, पण ते अगदी स्वाभाविक आहे.

नोंदणी न झालेल्या मंडळाला स्वतःच्या नावाने मिळकत धरता येत नसे. संस्था नोंदणीचा कायदा १८६० सालचा आहे आणि वाचनालये व वाचनगृहे त्याच्या कक्षेत स्पष्ट शब्दांत घातलेली आहेत, परंतु गावोगावच्या वाचनालयांनी प्रत्यक्ष नोंदणी फार उशिरा केली. तोपर्यंत जागा अध्यक्षांच्या, कोषाध्यक्षांच्या किंवा एखाद्या विश्वासू गृहस्थाच्या नावाने घेतली जाई. म्हणून पत्रिकेवरील पहिले नाव देणगीदाराचे असेल, विक्रेत्याचे असेल किंवा संस्थेच्या वतीने मिळकत सांभाळणाऱ्या पंचाचे असेल. नुसत्या पत्रिकेवरून यांतले काहीही ठरवू नये.

नगर भूमापन झाले तेव्हाची चौकशी नोंदवही भूमि अभिलेख कार्यालयात मागावी. त्या वेळी धारकाने हक्क कशाच्या आधारे सांगितला, कोणता दस्त दाखवला, कोणी हरकत घेतली का, याची टिपणे तिच्यात असतात. पत्रिकेवर फेरफाराचा जो शेरा आहे त्याच्या क्रमांकावरून मूळ आदेश शोधावा, आणि दस्ताचा क्रमांक मिळाला तर दुय्यम निबंधकांकडे नक्कल मागता येते. जागा नगरपालिकेची असल्याचा संशय असेल तर पालिकेचे जुने ठराव पाहावेत. १८५० च्या कायद्याखाली आणि पुढे अनेक लहान गावांत नगरपालिका आल्या, आणि वाचनालयाला जागा किंवा वार्षिक मदत देण्याचे ठराव त्यांच्या दप्तरात असणे शक्य आहे.

धर्मादाय कार्यालयातील साल हे बहुतेक वेळा नोंदणीचे असते. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे, त्यानंतरच ही वाचनालये त्या नोंदवहीत आली. परंतु परिशिष्ट १ च्या, म्हणजे त्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर न थांबता नोंदणीच्या मूळ अर्जाची नक्कल काढावी. स्थावर मिळकत कशी प्राप्त झाली, याचा खुलासा त्या अर्जात करावा लागे, आणि १९५२-५३ च्या सुमारास अर्ज भरणाऱ्यांपैकी काहींनी इमारत उभी राहताना डोळ्यांनी पाहिलेली असू शकते. (आपले गाव मराठवाड्यात असते तर हे सर्व वेगळे झाले असते. तेथील १९४८ पूर्वीचे दप्तर हैदराबाद संस्थानचे, पुष्कळसे उर्दूत आहे.)

सभासद_क्रमांक_सात

इतका खोलात जाण्याची गरज आहे का, असा प्रश्न पडतो. सर्वांत जुने साल छापावे, कार्यक्रम मोठा होतो आणि देणग्याही येतात. शासनमान्यता आणि वर्ग यांसाठी १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, तिथे इमारत कोणत्या साली बांधली यावर काही अवलंबून नाही.

जुनी_कात्रणे

शासनमान्यतेपुरते आपले म्हणणे बरोबर आहे. अ, ब, क, ड हे वर्ग ग्रंथसंख्या, सभासद, सेवक आणि सेवा यांवर ठरतात. परंतु येथे प्रश्न इमारतीच्या इतिहासाचा विचारला आहे. संस्थेचे साल इमारतीला चिकटवले तर मधली तीस वर्षे, म्हणजे स्वतःचे छप्पर नसताना लोकांनी वाचनालय चालू ठेवले तो काळ, आपण स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. मला तर त्या इतिहासातील सर्वांत वाचनीय भाग तोच वाटतो.

अकरा वर्षांच्या अंतराबद्दल एक सुचवतो. कोनशिला शतकाच्या अखेरची असेल तर त्यानंतरचा काळ आठवावा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे इलाखाभर पसरला, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. माणसे गाव सोडून माळावर झोपड्यांत राहत असताना वर्गणी कोण देणार? पाया घालून काम अडून राहणे त्या वर्षांत सहज शक्य होते. हा तर्क आहे, पुरावा नव्हे, म्हणून त्या काळच्या वृत्तपत्रांतील गावोगावची बातमीपत्रे पाहावीत. पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासूनचा आणि ‘केसरी’ १८८१ पासूनचा आहे. लहान गावातील वाचनालयाचे उद्घाटन ही तेव्हा छापण्याजोगी बातमी असे. फलकावरील वर्षाचे अंक आधी चाळावेत.

कार्यवाह

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या तीन आठवड्यांत जे झाले ते क्रमाने नाही, पण जसे आठवते तसे नोंदवतो.

कोनशिलेवर तैलरंगाचे किमान तीन थर होते. रात्री बाजूने उजेड टाकून छायाचित्रे घेतली आणि वर्षाखाली आणखी एक ओळ असल्याचे दिसले. तिचा पूर्वार्ध झिजला आहे, परंतु शेवटचे शब्द ‘पाया घातला’ असेच आहेत, याबद्दल पाहणाऱ्या चौघांचेही एकमत झाले. तिथी माघातील आहे, त्यामुळे आम्ही आजवर ७८ मिळवून सांगत होतो ते साल एका वर्षाने चुकत होते आणि अंतर अकरा नसून दहा वर्षांचे आहे. हे मंडळाच्या बैठकीत सांगताना मला थोडे ओशाळल्यासारखे झाले, कारण ते चुकीचे साल मीच दोन वार्षिक अहवालांत छापले होते.

दोन भागांच्या सांध्यावर नियतकालिकांचे लोखंडी कपाट उभे होते. ते हलवल्यावर जोत्यापासून छतापर्यंत सरळ तडा मिळाला. मागच्या भिंतीत गिलाव्याखाली बुजवलेला एक कोनाडा आहे आणि विटा खरोखरच पातळ आहेत. धर्मशाळाच होती की कोणाच्या वाड्याचा भाग होता, हे भिंतीवरून ठरणार नाही, पण मागची खोली दालनाच्या आधीची आहे, एवढे लिहिण्यास आता हरकत नाही. छपरावरची चार कौले उतरवून पाहिली. दोहोंवर १८६५ आहे. उपाध्यक्षांना झालेला आनंद मला मोडावा लागला.

नोंदणीच्या मूळ अर्जाची नक्कल मिळाली. त्यात जागा ‘बक्षीसपत्राने’ मिळाली असे लिहून दस्ताचा क्रमांक दिला आहे, आणि देणाऱ्याचे नाव मिळकत पत्रिकेवरील नावाशी जुळते. दस्ताच्या नकलेसाठी अर्ज केला आहे. बक्षीसपत्र कोनशिलेच्या आधीचे निघते की नंतरचे, यावर पुष्कळ अवलंबून आहे. नंतरचे निघाले तर दुसऱ्याच्या जागेवर पाया घालून वाचनालय दहा वर्षे थांबले, असे म्हणावे लागेल, आणि मग काम रखडण्याचे कारण दुष्काळात शोधण्याऐवजी आधी जागेच्या कागदांत शोधावे लागेल.

स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आता एक साल न छापता संस्थेची स्थापना, पायाभरणी आणि उद्घाटन अशी तीन साले स्वतंत्रपणे छापण्याचे ठरले आहे. सभासद क्रमांक सात यांच्यासारखे मत मंडळातही काहींचे होते. पत्रशीर्ष जसेच्या तसे राहणार असल्याने त्यांनी ते फारसे ताणले नाही.

इतिवृत्ताची एक वही मिळाली आहे. फलकावरील वर्षाच्या आधीची सुमारे चाळीस पाने मोडीत आहेत आणि कडेने वाळवी लागलेली आहे. मोडीवाचक, आपल्याला सवड असेल तर त्यातील पहिल्या दोन पानांची छायाचित्रे पाठवू का? दुसऱ्या पानावर एका ओळीखाली कोणीतरी तांबड्या शाईने रेघ ओढली आहे, आणि त्या ओळीतील आकडा रुपयांचा आहे की वर्षाचा, हे मला उमगत नाही.

मोडीवाचक

अवश्य पाठवावीत. पाने सपाट करण्यासाठी दाबू नका आणि वाळवीची माती झटकू नका, तिच्याबरोबर अक्षरेही येतात. आकड्याच्या आधी किंवा नंतर आडवी रेघ, वळण किंवा टिंब असे जे काही चिन्ह असेल ते छायाचित्रात पूर्ण येऊ द्या. रक्कम लिहिण्याची जुनी पद्धत वेगळी असे, त्या चिन्हावरूनच काय ते कळेल.